दाजींनी जमवून दिलेलं घर

आमच्या घरात जावयाला जाब विचारत नाहीत. तो बोलेल त्याला मान डोलवायची. रविराजदाजी माझ्या नणंदेचे यजमान. पंचवटीत जागांची दलाली करतात आणि घरासाठी कर्जही मिळवून देतात. सायखेड्याच्या मळ्यातला वाटा विकून सातपूरजवळ फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा माझा नवरा देवराम दुसऱ्या कुणाच्या दारात गेलाच नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणे.

फ्लॅट दाजींनीच दाखवला. कागद तपासणारा वकील त्यांचा, किंमत ठरवणारा माणूस त्यांचा, कर्ज देणारी कंपनीही त्यांच्याच ओळखीची. देवरामच्या कारखान्यातला फकिरा म्हणालासुद्धा, "आमच्या बँकेनं त्या बिल्डिंगला कर्ज द्यायला नाय म्हटलं राव." मी दाजींना विचारायला तोंड उघडलं, तशी नणंद डोळे वटारून बघायला लागली. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली! आजही संताप येतो.

राहायला गेलो आणि कळलं, इमारत पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखलाच नाही, म्हणून नळही नाही. टँकरच्या रांगेत वरच्या मजल्यावरची धोंडाबाई म्हणाली, "तुम्हालाबी रविराजशेठनंच कर्ज करून दिलं का? आमाला सगळ्यांना त्यानंच." बिल्डरकडून दलाली, कंपनीकडून कमिशन. इमारतीत खोट आहे हे सांगून या माणसाला मिळणार काय होतं? आमची मात्र आयुष्याची पुंजी तिच्यात गेली.

दाजी चहाला आले तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

ते चिडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बशीत चहा ओतत म्हणाले, "वहिनी, जीव कशाला जाळता? विकून टाकू. गिऱ्हाईक मी आणतो, त्याचं कर्जही मीच करून देतो. तुम्ही फक्त घर नीटनेटकं ठेवा."

रविवारी ते एका जोडप्याला घेऊन आले. चैताली नाव तिचं, सातवा महिना असावा. दाजींना काका म्हणत होती. खिडकीपाशी थांबून नवऱ्याला म्हणाली, "पाळणा इथं लावू." मग माझ्याकडे वळली. "ताई, पाण्याचं कसं आहे हो इथं?"

दाजी आमच्याकडे बघत नुसते उभे राहिले. मी बोलणार, तोच देवरामनं माझं मनगट घट्ट धरलं.

"पाण्याचं काय टेन्शन नाय," तो म्हणाला.