मोठ्या लेन्सचा कप्पा

गोपीचंदकाका गिऱ्हाइकाला रिकामी बॅग कधी विकत नसत. साकोलीत महामार्गाला लागून त्यांचं दुकान होतं. दप्तरं, लग्नाच्या सुटकेसा, पाठीवरच्या सॅक, सगळं छताला लटकलेलं. आलेल्याला ते आधी विचारत, "सामान आनलं का?" नसेल आणलं तर उद्या या म्हणत. "रिकामी बॅग कोनाच्याबी पाठीले बसते, बापा. भरली का मंग समजते."

म्हणून कामिनी सगळं सामान घेऊन आली होती. सतरा इंचांचा जड लॅपटॉप, वडिलांचे दोन कॅमेरे, दोन लहान लेन्स, चार्जर, आणि उभ्या स्टीलच्या डब्यात पाचशेची, म्हणजे पाचशे मिलिमीटरची, लांबचं टिपणारी लेन्स.

वडिलांना, वासुदेवरावांना, जाऊन सव्वा महिना झाला होता. आयुष्यभर त्यांनी साकोलीपासून मोहाडीपर्यंतच्या लग्नांचे फोटो काढले आणि लग्नं नसतील तेव्हा तलावांचे. हिवाळ्यात कोणत्या तलावावर कोणते पक्षी उतरले, किती उतरले, त्याची त्यांची एक वही होती. एकशे बारा तलावांपैकी अकरा राहिले होते. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी बायकोला आणि दोन्ही मुलांना जवळ बोलावून सांगितलं, "स्टुडिओ अमरचा. पाचशेची कामिनीची. अकरा तलाव तिनं करावे." सुशीलाबाईंनी मान हलवली. अमरनंही हलवली. कामिनीनं नागपूरच्या प्रकाशनातून दोन महिन्यांची रजा घेतली. फेब्रुवारी सरला की पक्षी परतणार होते, आणि त्या लांबच्या लेन्सशिवाय पाण्यामधले पक्षी नुसते काळे दाणे दिसले असते.

या तलावांच्या मुलखात लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. वासुदेवरावांचा त्यावर आपला उपाय होता. प्रत्येक लेन्सला एक स्टीलचा डबा, आणि डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, दमट हवा शोषून घ्यायला. पुरचुंडी सुशीलाबाई शिवत आणि दर अमावास्येला बदलत. "माह्या सवतीले जेवन देऊन राहिली," असं म्हणत. तांदूळ बदलणं सोडलं तर डबा उघडायचा तो तलावाच्या काठावरच, एरवी नाही, हा वासुदेवरावांचा दंडक. चौदाव्या दिवशी सुशीलाबाईंनी पदरानं पुसून डबा लेकीच्या हातात दिला तेव्हापासून कामिनीनं तो दंडक पाळला होता. डबा तिच्या कपाटात होता. झाकणाला तिनं हातही लावला नव्हता.

काकांनी दोन बॅगा काढल्या. एक मोठी, एक मध्यम.

"लॅपटॉप दोन्हीत बसते," ते म्हणाले. "पन तू मोठीच घे. हा लांब कप्पा पाह्य, पाचशेचीच्याच मापाचा हाय. पट्टेबी रुंद हायेत. तुह्या बाबूजीवानी खांदा वाकडा नाई होनार."

"डबा न उघडताच माप सांगता, काका?"

"उघडाचं काय काम? पाह्यली ना मी. मागच्या बुधवारी अमर घेऊन आला होता. ह्याच टेबलावर, अश्याच बॅगीत बसवून पाह्यली. पांढरी, तोफेवानी. मी मनलं, ताईसाठी घेऊन राहिला का? त हो मने." काका हसले. "मंग आज तूच आली. मले वाटलं, भावाची पसंती बहिनीले पटली नसन."

कामिनीनं मागचा बुधवार आठवून पाहिला. त्या दिवशी ती नागपुरात होती. डबाही नागपुरात होता.

"काका, लेन्स पांढरीच होती?"

"आता माह्या डोयाले काय झालं व?"

तिनं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण फिरवलं. आत काळी लेन्स होती, तीनशेची. ती तिनं लगेच ओळखली. स्टुडिओच्या शोकेसमध्ये ही वर्षानुवर्षं पडून होती. नव्यानं काम शिकायला आलेल्यांना वासुदेवराव ती हातात देत आणि म्हणत, आळस केला तर हे असं होतं. तिनं ती ट्यूबलाइटकडे धरली. काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत बुरशीचं पांढरं जाळं.

काकांनी पाहिलं आणि हातातली बॅग खाली ठेवली.

डब्याच्या तळाशी पुरचुंडी होती. धोतराच्या कापडाची, बारीक टाक्यांची, चारी कोपरे दोनदा मुडपलेली. कामिनी ती बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली. अमरनं डबा भरला असता तर जड वाटावं म्हणून काहीही कोंबलं असतं. मेलेल्या लेन्सखाली ताजे भाजलेले तांदूळ ठेवणारं घरात एकच माणूस होतं.

"मी मधात बोलाचं नव्हतं," काका हळूच म्हणाले.

"तुम्ही काहीच चुकीचं बोलला नाहीत, काका."

तिनं अमरला फोन लावला. तो एकोडीला घरीच होता.

"ताई, जेवली का?"

"पाचशेची कुठे आहे?"

"...तुह्यापाशीच त हाय."

"मी गोपीचंदकाकांच्या दुकानात उभी आहे, अमर. डबा उघडलाय."

अमरनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"दोस्तापाशी हाय, प्रितमपाशी," तो म्हणाला. "आमी दोघं मिळून काम चालू करून राहिलो. प्री-वेडिंगचं. तलावाच्या पारीवर जोडी उभी केली अन् लांबून काढलं, का मागचं पानी असं मस्त धुसर येते. इथं कोनापाशीच नाई तशी लेन्स."

"बाबूजींनी काय सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं ना. पन तू काय करशीन सांग. दोन महिने हिंडशीन, मंग परत नागपूर. लेन्स पडून राहीन डब्यात. आईबी हेच मने."

"आईला दे."

सुशीलाबाई फोनवर आल्या.

"आई, तुला माहीत होतं."

"रागावू नको, माय. एकटी बाई, पहाटे तलावाच्या काठानं, थे बी जंगलाच्या अंगाले. जनावर हाय, मानसं हायेत. मले वाटलं, मोठी लेन्सच नसली त पयल्याच तलावावरून परत येशीन."

"मग मला जाऊ नको म्हणायचं. मी भांडले असते, पण ऐकून तरी घेतलं असतं."

"तुह्या बाबूजीसमोर कशी मनू? जाता मानूस."

"आणि डब्यात तांदूळ कशाला घातले?"

"सवय हाय व. डबा हाती आला का घालते."

कामिनीला एकाएकी दवाखान्यातल्या त्या दोन माना आठवल्या. तिला फसवलं ते चौदाव्या दिवशी. त्याआधी दोघांनी त्या माणसाला फसवलं होतं, जो तपासायला परत येणार नव्हता. आणि तो समाधानानं डोळे मिटून पडला होता, तेही तिनं पाहिलं होतं. अमरकडून लेन्स मागून घेता आली असती. त्याला लाज वाटली असती, त्यानं आणूनही दिली असती. पण मग ती दर पहाटे डोळ्याला लावताना तिला बाबूजी आठवले नसते, हे दोघं आठवले असते.

"मध्यम दाखवा, काका," फोन कानाशी धरूनच ती म्हणाली.

"लहान लेन्सनं ठिपके येतीन पाखराचे."

"येऊ द्या. मोजता आले तरी पुरे."

काकांनी बॅग भरली. लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात, कॅमेरे मधल्या खणांत, लहान लेन्स बाजूला. डबा आणि त्यातली लेन्स टेबलावर राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं नको म्हणून मान हलवली. मग त्यांनी तिच्या पाठीवर बॅग चढवली, पट्टे ओढून सारखे केले आणि मागून दोनदा थोपटलं.

"कामिनी," फोनवर आई अजून होती. "जाशीनच का?"

"पाच वाजताची बस आहे."

"उतरली का फोन करशीन? मले झोप नाई येत."

"करीन," कामिनी म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. आईनं बरं म्हटलं आणि विश्वासानं फोन ठेवला. कामिनी करणार नव्हती.