तक्त्यातली मरळ

माजलगावच्या मोंढ्यात रुद्रप्पांचं किराणा दुकान. त्यांचा श्रीशैल औरंगाबादेत गणितात पीएच.डी. झालेला, त्यामुळे अप्पांची छाती कायम फुगलेली. श्रीशैलही काही कमी नव्हता म्हणा. तळ्यातले शंभर जातींचे जीव एकमेकांच्या आधारानं कसे तगतात, गुंतागुंत वाढली की सगळं कधी कोसळतं, याचं गणित त्यानं विद्यापीठातल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर मांडलं होतं.

मागच्या महिन्यात मच्छीमार सोसायटीनं त्याला मानानं बोलावलं. तलावाचं पाणी उतरलंय, तर आतली सगळी जुनी मासळी मारून नुसते रोहू-कटला सोडावेत का, एवढंच विचारायचं होतं. श्रीशैलनं फळ्यावर भलामोठा तक्ता काढला आणि ठोकून दिलं, "जाती कमी, तर तळं स्थिर. बिनधास्त करा."

खरं सांगायचं तर त्या तक्त्यातला एकही आकडा तळ्यातला नव्हता. कोण कुणाला खातं, हे भोयांच्या बाजारात जाऊन विचारायला हवं होतं. पण गळ्यात लिंग बांधलेल्या शाकाहारी घरातलं पोर मासळीच्या पाटीपाशी उभं राहतंय होय? नाकाला रुमाल लावून तो त्या गल्लीला वळसा घालायचा. मग कॉम्प्युटरलाच सांगितलं, टाक बाबा वाटेल ते आकडे. प्रबंधात ते खपून गेलं, कारण तिथं खरं तळंच नव्हतं.

आज श्रीशैल अप्पांबरोबर दुकानात बसलेला असताना सोसायटीतली दगडाबाई भोई दुकानाशी आली आणि सवयीनं पायरीखालीच थांबली.

"सर, तुमच्या त्या तक्त्यात आमची मरळ कोणच्या ओळीत होती? घरी इचारायलेत."

अप्पाच हसून बोलले, "त्याला मासा बघावा लागत न्हाई, दगडाबाई. लई मोठं गणित हाय ते."

श्रीशैलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा बोलले ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि त्याची लाज त्याला आत्ता पहिल्यांदा वाटली.

"मावशी, तक्त्यात मरळ नाही. एकही मासा नाही. आकडे मी मनाचे घातले. सोसायटीला थांबायला सांगा, मी येतो, सगळ्यांसमोर कबूल करतो."

अप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं.

दगडाबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती ओशाळली, चूक जशी तिचीच.

"काल सकाळीच मोहाची पेंड टाकली की, सर. सगळी मासळी मरून वर आली. मरळ बी. सोसायटीतला हरिबा नको म्हनत होता. मीच त्याला गप केलं. म्हनलं, सरांनी बघूनच सांगितलं असंल."