पात्यांची सावली

गावाची स्वतःची पवनचक्की व्हावी म्हणून बाईंनी घरोघरचे उंबरे झिजवले होते. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, निम्मं गाव हाताखालून गेलेलं, त्यामुळे तोंडावर दार लावायची कुणाची टाप नव्हती. तरी सगळ्यात आधी त्यांच्या बाजूने उभा राहिला तो त्यांचा धाकटा भाऊ. टेकडीच्या पायथ्याशी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी ताईचं म्हणणं ऐकवायचा, मगच घड्याळ हातात द्यायचा.

लोकांनी पैसे घालून चक्कीचे भाग विकत घेतले, टेकडीवर चक्की उभी राहिली, घरोघरी तिची वीज आली. मग थंडी सुरू झाली, सूर्य खालून जाऊ लागला आणि दुपारनंतर पात्यांची सावली भावाच्या खिडकीतून आत शिरू लागली.

एका दुपारी बाई दुकानात आल्या तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. टेबलावरून सावली सपकन जाई, मग ऊन, लगेच पुन्हा सावली. जरा वेळातच बाईंना गरगरायला लागलं.

"पडदा लाव ना."

"लावला होता. पडद्यावरही फिरते." त्याने चिमटा खाली ठेवला. "आणि मागची खोली इतकी दमट, की यंत्रं गंजतील. काल एका म्हाताऱ्याच्या घड्याळाची स्प्रिंग मोडली माझ्या हातून. असं कधी झालं नव्हतं, ताई."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? लोकांना तयार करायला मीच पुढे होतो."

चक्कीच्या मंडळाच्या अध्यक्ष बाईच होत्या; त्यांनी भागधारकांची सभा बोलावली. थंडी संपेपर्यंत, ऊन असेल त्या दुपारी चक्की थांबवावी, एवढीच त्यांची विनंती होती.

बेकरीवाला उठला. तो बाईंचाच विद्यार्थी.

"बाई, वारा दुपारीच असतो. आणि आज तुमच्या भावासाठी थांबवली, तर उद्या दुसरा कुणी येईल. सगळ्यांचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. मतदान झालं. त्यांच्या बाजूने मोजकेच हात वर गेले. भाऊ शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता.

बाईंनी अध्यक्षपद सोडायची तयारी दाखवली. लोकांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "तुमच्याशिवाय कोण?" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

परतताना बाईंनी भावाला विचारलं, "तू हात का नाही वर केलास?"

"जिवावर आलं गं," तो म्हणाला. "तेही काही खोटं बोलत नव्हते."

आता तो जेवायच्या सुट्टीला दुकान बंद करतो ते दुसऱ्या दिवशीच उघडतो. सकाळी सेल बदलतो, पट्टे बसवतो. जुनी, नाजूक घड्याळं आली तर शहरातल्या दुकानाचा पत्ता देतो. बाई रोज दुपारी त्याच्याकडे जातात. दोघं मागच्या खोलीत बसून इकडचं तिकडचं बोलतात. चक्कीचा विषय निघत नाही.

काल मात्र बोलता बोलता तो थांबला. "आज वारा पडलाय का गं?"

बाई पुढे दुकानात जाऊन बघून आल्या; टेबलावरून सावली फिरतच होती.

"नाही," त्या म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसल्या.