पाचव्या माळेला बंद पडणारी जीप

मित्रांनो, दिंडोशीच्या दवाखान्याच्या अंगणात एक हिरवी जीप उभी असते. तिचा पुढचा एक दिवा फुटला आहे आणि मागच्या फळीवर कोणीतरी खडूने मांजर काढले आहे. ती मीच. मी एक जुनी जीप आहे. तुमचे सातवे वर्ष म्हणजे दात पडायचे वय. खदानीच्या रस्त्यावर धावलेल्या जीपचे सातवे वर्ष म्हणजे उतारवय.

माझ्या वयाच्या गाड्या नवेपणाच्या आठवणी काढून उसासे टाकतात. माझे उलटे आहे. मी नवी होते तेव्हाच आजारी होते आणि जुनी होता होता धडधाकट झाले. हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे.

कारखान्यात मला घडवले ते डोंगर चढण्यासाठी. माझी चारही चाके एकदम जोर लावतात. चिखल असो, खडी असो, मी मागे सरत नाही. एकोणीसशे ब्याऐंशीच्या दसऱ्याला मी दवाखान्यात आले. चाकांखाली लिंबे ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढले, नारळ फुटला. दिंडोशीच्या मागच्या डोंगरात दगडाच्या खदानी होत्या. तिथे वरती राहणाऱ्या मजुरांच्या वस्तीत औषधे पोचवायची आणि अडलेल्या बायकांना खाली इस्पितळात आणायचे, हे माझे काम ठरले. त्या दिवशी माझ्याइतकी ताठ मान साऱ्या उपनगरात कोणाची नसेल.

दवाखान्यातल्या नर्स सुलक्षणाबाई यांनी मला ओवाळले. बाई मूळच्या कोकणातल्या. आवाज इतका मऊ की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. रोज अकरा माळा रामनाम घेतल्याशिवाय त्या पाणीसुद्धा तोंडात घालत नसत, आणि जप चालू असताना एक शब्द बोलत नसत. सकाळी दवाखान्यात गर्दी होई, म्हणून जप त्या माझ्यातच बसून, डोंगर चढता चढता करीत. माझ्या धडधडीत त्यांच्या मण्यांचा बारीक आवाज मिसळला की मला वाटे, मी गाडी नाही, चालते देऊळ आहे.

आणि पहिल्याच सोमवारी, अर्ध्या चढावर, माझा जीव घुसमटला. एक आचका, दोन आचके, आणि मी बंद.

माझा चालक धोंडिराम खाली उतरला. आधीच्या नोकरीत त्याच्यावर पेट्रोल चोरल्याचा आळ आला होता. तेव्हापासून गाडी थांबली की आधी टाकीचे झाकण उघडून, आत काठी घालून, "बघा, पेट्रोल आहे!" असे चारचौघांना दाखवायची त्याला सवय लागली होती. तसे त्याने दाखवले. मग खिशातले लिंबू माझ्यावरून सात वेळा उतरवून दरीत फेकले. किल्ली फिरवली. मी सुरू!

"बघितलंत बाई? नजर लागलीय हिला. त्या खदानीतल्या मुकादमाची नजर काय साधी आहे?"

बाईंनी माळ पुरी केली, मग म्हणाल्या, "नजर लागायला आधी नीट चालायला तर हवी रे ती."

त्यानंतर हे नेहमीचेच झाले. कधी तीन दिवस नीट चालायचे, कधी एकाच चढावर दोनदा बसायचे. शिवाय डावीकडे वळले की माझा भोंगा आपोआप वाजायचा, आणि किलोमीटर मोजणारा काटा तर पहिल्याच आठवड्यात मेला. धोंडिरामने लिंबांची पिशवीच सीटखाली ठेवली. बाजारातली लिंबूवाली त्याला विचारायची, "काय रे, सरबताची गाडी टाकलीस काय?"

माझ्यासोबत सहा महिन्यांची गॅरंटी आली होती. तेव्हा आमची वारी साकीनाक्याला, विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये सुरू झाली. फाटकावरचा माणूस कागद भरताना झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते लिहून घेई. मग मला आत नेत. मी ठणठणीत चाले. कागदावर शिक्का बसे, 'दोष आढळला नाही.' एकदा त्यांनी प्लग बदलले, एकदा कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्या वेळी मला बारा दिवस उन्हात ठेवले आणि फक्त धुऊन परत दिले. पाचव्या वेळी वर्कशॉपचे मॅनेजर चंद्रप्रकाश वैतागले.

"अरे, गाडी चालवतोस की घोडा?" ते धोंडिरामला म्हणाले.

"घोडा असता तर घरी तरी पोचवलं असतं ना साहेब!"

"किती किलोमीटर चालून बंद पडते? ते तरी नीट सांग यार."

"काटा तुम्ही दोनदा बदललात. दोन्ही मेले. सांगू कशावरून?"

मॅनेजर बाईंकडे वळले. "बाई, खरं सांगू? तुम्ही हिला डोंगरावर नेता. खदानीची धूळ गॅरंटीत बसत नाही."

बाईंनी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे कंपनीचे मोठे चित्र होते. माझ्यासारखीच हिरवी जीप धूळ उडवत कडा चढत होती.

"मग ही कुठे चाललीय हो?" बाईंनी हळूच विचारले.

"ते... ते चित्र आहे ना, बाई."

मला फार अपमान वाटला. मित्रांनो, आपल्याला काय होते आहे ते आतून कळत असावे आणि सांगायला तोंड नसावे, यासारखे दुःख नाही. माझा श्वास कोंडत होता. पण तपासणाऱ्यांना माझी फक्त चाके दिसत होती.

चैत्र लागला. दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष मार्तंडराव एक दिवस माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "गॅरंटीचे नऊ दिवस राहिले. तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर विकून टाकू. असलं लचांड दवाखान्याला झेपायचं नाही."

त्याच सकाळी वस्तीतली लता औषध घ्यायला माझ्यापाशी आली होती. तिला नववा महिना होता. मागल्या खेपेला तिला झोळीत घालून डोंगरावरून खाली आणले होते, तेव्हा फार उशीर झाला होता आणि तिचे बाळ गेले होते. ती माझ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाली, "बाई, या खेपेला झोळी नको. जीप येईल ना?"

बाई जपात होत्या. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण मला त्यांच्या बोटांतली माळ थांबलेली जाणवली.

दुसऱ्या सकाळी बाई धोंडिरामला म्हणाल्या, "साकीनाक्याला चल. वाटेत टाकी काठोकाठ भर, सोमवारी भरतोस तशी. आणि लिंबं घरी ठेव."

"लिंबं घरी? अहो, मग वाट लागेल ना आपली!"

"लागू दे. रामाचं नाव मी घेते. पण कारण आपण शोधायचं असतं. देवाला मिस्त्रीकामाला लावू नये."

वर्कशॉपमध्ये फाटकावरच्या माणसाने नेहमीप्रमाणे झाकण उघडले, पाहिले, घट्ट लावले. बाईंनी मला आवाराच्या मधोमध उभे करवले.

"चंद्रप्रकाशभाऊ, तुम्ही विचारलं होतंत, गाडी किती चालून बंद पडते. किलोमीटर मला ठाऊक नाहीत. माळा ठाऊक आहेत. टाकी भरली त्या दिवशी चढावर ही पाचव्या माळेला बसते. सहा महिन्यांत फार तर चौथी नाहीतर सहावी. इंजिन चालू ठेवते आणि मी जपाला बसते. बंद पडली तरी कोणी हात लावायचा नाही."

"म्हणजे आता गाडीची टेस्ट माळेवर?" मॅनेजर हसले. "झकास! खंडू, जरा उदबत्ती आण रे!"

खंडू हा तिथला म्हातारा मिस्त्री. तो हसला नाही. हात पुसत येऊन तो माझ्याजवळ उकिडवा बसला.

पहिली माळ झाली. दुसरी झाली. मी उभ्या जागी गुरगुरत होते. चौथी संपली, पाचवी सुरू झाली. धोंडिराम नखे खाऊ लागला. पाचवी संपली. मी चालूच!

"बाई, देव पावला! गाडी बरी झाली!" कोणीतरी ओरडले आणि सगळे खदाखदा हसले.

बाई डोळे मिटून बसल्या होत्या. सहावी, सातवी. काय सांगू, जन्मात प्रथमच मी बंद पडावे म्हणून प्रार्थना करीत होते. आठवी माळ संपली तेव्हा लोक कामाला निघून गेले. नववीत मला तो ओळखीचा जडपणा जाणवला. कोणीतरी नरड्यावर हलकेच बोट ठेवावे तसा. दहाव्या माळेच्या मध्यावर एक आचका आला. दुसरा आला. आणि मी बंद पडले.

सगळे हातोडे थांबले. जो तो माझ्याभोवती गोळा झाला. मॅनेजर धावत आले. "बाई, काय केलंत तुम्ही?"

बाईंची अकरावी माळ बाकी होती. त्यांनी एक बोट वर केले आणि जप चालू ठेवला. आता ती माळ संपेपर्यंत त्या बोलणार नव्हत्या, आणि इतक्या माणसांत मोठ्याने बोलायची कोणाची छाती होईना. एरवी ठाकठोकीने कान किटणाऱ्या त्या आवारात देवळासारखी शांतता पसरली.

खंडूने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. त्याने माझे बॉनेट उघडले, पेट्रोलची नळी चाचपली. "पेट्रोल वर चढतच नाही," तो पुटपुटला. "टाकी भरलेली आणि पेट्रोल चढत नाही..." तो माझ्या टाकीपाशी आला आणि झाकण अगदी सावकाश फिरवू लागला.

सुऽऽऽस्स!

मी छाती भरून श्वास घेतला. तो आवाज त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला. डोंगरावर खडी फोडायच्या यंत्रापुढे तो ऐकू येत नसे आणि इथे हातोड्यांपुढे.

खंडूने झाकण उन्हात धरले. "साहेब, हे बघा. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा जायला झाकणाला बारीक छिद्र असतं. हिच्या झाकणाला ते पाडलेलंच नाही! आपण दर वेळी फाटकावर झाकण उघडलं, हिला श्वास दिला, आणि आत येऊन म्हटलं, दोष नाही. उभ्या गाडीला पेट्रोल कमी लागतं, म्हणून आज दहावी माळ. चढावर जास्त लागतं, म्हणून पाचवी."

धोंडिराम कपाळावर हात मारून खालीच बसला. "म्हणजे दर वेळी झाकण मीच उघडत होतो आणि शाबासकी लिंबाला देत होतो! पोतंभर लिंबं दरीत घातली बाई मी!"

आता सगळे त्याच्या लिंबांना हसले. मॅनेजर मात्र ओशाळून म्हणाले, "बाई, नवीन झाकण कंपनीकडून मागवतो. तीन आठवडे लागतील."

"खंडूदादा, तुम्हाला छिद्र पाडता येईल?" बाईंची माळ पुरी झाली होती.

"दोन मिनिटांचं काम."

"अहो, पण कंपनीच्या परवानगीशिवाय छिद्र पाडलं तर नियमाप्रमाणे गॅरंटी जाईल!" मॅनेजर म्हणाले.

बाईंनी आवाज चढवला नाही. "जाऊ दे. गॅरंटी तुमच्या कपाटात ठेवा, भाऊ. माझ्या गाडीला श्वास हवाय."

खंडूने हाताने फिरवायच्या छोट्या गिरमिटाने टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पाडले आणि झाकण स्वतःच्या सदऱ्याला पुसून मला लावले. सहा महिन्यांतल्या पाच खेपांत जे झाले नाही, ते दोन मिनिटांत झाले.

चौथ्या दिवशी भर दुपारी वस्तीतून निरोप आला. लताच्या कळा सुरू झाल्या होत्या. तो चढ मी एका दमात, मोकळ्या श्वासाने चढले. खाली येताना बाई लताचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जप सकाळीच झाला होता, तरी त्यांचे ओठ हलत होते. जिथे मी नेहमी बसत असे तो वळणावरचा काळा दगड आला. धोंडिरामने सवयीने डोळे जवळजवळ मिटलेच. दगड मागे पडला. डावे वळण आले आणि माझा भोंगा आपोआप वाजला. आयुष्यात पहिल्यांदा तो योग्य वेळी वाजत होता! रस्त्यातली माणसे, म्हशी, टेम्पो सगळे बाजूला झाले. इस्पितळाच्या दारात आम्ही पोचलो, आणि तासाभरात लताला मुलगी झाली. लता सुखरूप, लेक सुखरूप.

मार्तंडराव पेढे घेऊन आले. एक पेढा त्यांनी माझ्या बॉनेटवर ठेवला. विकण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

त्यानंतरच्या सहा वर्षांत मी किती माणसांना खाली आणले, याचा हिशेब मी ठेवला नाही. तीन बाळे तर माझ्या मागच्या बाकावरच जन्मली. एवढे मात्र मान वर करून सांगते, त्या काळ्या दगडापाशी मी पुन्हा कधी बसले नाही. आता डोंगरावर नवी गाडी जाते. मी जवळपासची कामे करते आणि उरलेला वेळ इथे उभी राहते. बाई सकाळी दवाखाना उघडण्याआधी येऊन माझ्यात बसतात आणि अकरा माळा पुऱ्या करतात. इंजिन बंद असते, तरी मला वाटते मी चढ चढते आहे.

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही माझ्यावर चढता, स्टिअरिंग फिरवता, तोंडाने भोंगा वाजवता. खुशाल वाजवा, मला आवडते. मांजरही राहू द्या. एकच मागणे आहे. टाकीच्या झाकणाला एक बारीकसे छिद्र आहे, त्यात कागदाचे बोळे कोंबू नका. आणि एखादी मुकी वस्तू किंवा मुके माणूस वारंवार अडत असेल, तर 'दोष नाही' असा शिक्का मारण्याआधी थोडे गप्प बसून त्याच्याजवळ कान न्या.

परवा तुमच्यापैकी एकाने त्या छिद्रात काडी घातलीच. तेव्हा सहा वर्षांची एक मुलगी दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ए, काढ ती काडी! तिथून ती श्वास घेते. आणि तिने श्वास घेतला म्हणून मी आहे, समजलं?"

ती लताची लेक. काडी तिने स्वतः काढली, झाकणावर फुंकर मारली, आणि मग माझ्या मडगार्डवर अगदी तिथेच हात ठेवला, जिथे तिच्या आईने ठेवला होता.