गल्लीची सरासरी

माझं कामच असं आहे, की माणसं दिसेनाशी करून आकडे काढायचे. असं म्हटलं की आई म्हणते, "जरा बरं बोलत जा." पण खोटं काय त्यात? सर्वेक्षणाची फाइल माझ्याकडे येते तेव्हा एका माणसाची एक ओळ असते. वय, शिक्षण, घरात किती जण, आणि पुढे त्याची उत्तरं. नावं आधीच काढलेली असतात. मी संगणकाला सांगते, गल्लीप्रमाणे सरासरी काढ. पापणी लवते न लवते तोच हजारभर ओळी दुमडल्या जातात आणि एका गल्लीची एक ओळ उरते. मग तो गल्लीचा आकडा तिथल्या प्रत्येक माणसापुढे परत चिकटवायचा. म्हणजे माणसाला त्याचं स्वतःचं मत असतं आणि शिवाय त्याच्या गल्लीचंही एक मत असतं, असं आम्हाला अहवालात ठोकून देता येतं.

या वेळची फाइल टेकडीवरच्या वस्तीची होती. टेकडी सरकतेय, घरांना भेगा गेल्यात, वस्ती खाली आणायची हे ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कुणाला कुठे टाकायचं. खात्यानं नियम केला. प्रत्येक गल्लीतल्या काही मोठ्या माणसांना एकेकटं गाठून विचारायचं, "नव्या जागी तुम्हाला याच शेजाऱ्यांबरोबर राहायचंय का?" एक म्हणजे मुळीच नको, तीन म्हणजे कसंही चालेल, पाच म्हणजे यांच्याबरोबरच. गल्लीची सरासरी साडेतीनच्या वर गेली तर सगळ्या गल्लीला एकच इमारत. नाही गेली तर सोडत. शहराच्या ज्या टोकाला चिठ्ठी निघेल तिकडे ज्यानं त्यानं चालू लागायचं.

त्या वस्तीत माझे आईबाबा राहतात. हे मी आमच्या मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नावं नाहीत ना फाइलमध्ये? मग झालं," म्हणाल्या आणि फोनला लागल्या.

बाबांचा जीव त्या साडेतीनात अडकला होता. ते नळदुरुस्तीचं काम करायचे. करायचे म्हणजे म्हणायला. अजूनही कुणाची हाक आली की पाना घेऊन निघतात. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी पायऱ्या चढणं बंद करायला सांगितलंय, आणि बाबांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलंय. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या मोरीत ते ओणवे झालेत. कुठला पाइप कुठल्या भिंतीतून जातो आणि कुठल्या घरात सासू-सून बोलत नाहीत, त्यांना दोन्ही सारखंच पाठ. सर्वेक्षणाची मुलगी येऊन गेली तेव्हा त्यांनी मला फोन केला. "आम्हा दोघांनाही विचारलं बरं का. वेगवेगळं बसवून. जसं काही चोरच पकडायचेत." मग ते घरोघरी जाऊन विचारून आले. शिंपीकाका म्हणाले, पाच. बेकरीवाला म्हणाला, हा काय प्रश्न झाला? शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय आमच्या टाकीचा कॉक कोण बदलणार?

पहिली सरासरी मी काढली नाही, ऑफिसातल्या आमच्या ज्युनियरनं, 'मेल'नं काढली. आम्ही त्याला मेल म्हणतो, कारण मेल गाडीसारखा तो मधल्या कुठल्याच स्टेशनावर थांबत नाही. त्यानं काढलेल्या तक्त्यात आमच्या गल्लीपुढे चार पूर्णांक छत्तीस होते. मी ते वाचलं, आणि नियम ठाऊक असतानाही जिन्यात जाऊन बाबांना फोन केला. अहवाल निघेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं. पण बोलले. मला इतका आनंद झाला होता, की पाय एका जागी ठरत नव्हते.

"कुणाला सांगू नका हं," मी म्हटलं.

"छे, मी कशाला सांगतोय," बाबा म्हणाले. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मजल्यांचं वाटपही झालं. गुडघे दुखणाऱ्या आजी तळमजल्यावर, तान्ह्या बाळाची आई त्यांच्या शेजारी, बेकरीवाला मागच्या बाजूला, म्हणजे भट्टीचा धूर कुणाला नको. बाबांनी पाण्याची लाइनसुद्धा मनात टाकून ठेवली.

तक्ता तपासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी वरून खाली बघत गेले आणि बाजाराकडच्या गल्लीपाशी थांबले. सरासरी पाच पूर्णांक पंचवीस. पाचाच्या पुढे मोजपट्टीच नाही, मग सव्वापाच आले कुठून? डोक्यात तिडीक गेली, कारण उत्तर मला कळलं होतं. ज्यानं उत्तरच दिलं नाही, ज्याचं दार बंद होतं, जो 'मला वेळ नाही' म्हणाला, त्याच्यापुढे आम्ही नऊ टाकतो. नऊ हा आकडा नाही, ती रिकामी जागा आहे. पण संगणकाला तसं आधी बजावावं लागतं. नाहीतर तो नऊ म्हणजे नऊच धरतो. मेल त्या स्टेशनावर थांबला नव्हता. गप्प बसलेली सगळी माणसं, सगळ्यांत मोठ्यांदा 'एकत्र, एकत्र' ओरडल्यासारखी मोजली गेली होती.

"अरे, नऊ काढले नाहीस," मी म्हटलं.

त्यानं जीभ चावली. "ताई, राहिलंच. पण एका ओळीचं काम आहे, आत्ता करतो."

"तू हात लावू नकोस. मी करते."

मी केलं. खरं सांगते, करण्याआधी बराच वेळ बसून राहिले. बाजाराच्या गल्लीतली चूक पुढे कुणीही पकडली असती, आकडाच पाचाच्या वर होता. आमची गल्ली कुणाच्या नजरेत आली नसती. फक्त तिथले सहा नऊ राहू दिले असते तर? पण मग पलीकडच्या गल्लीचे कुठल्या तोंडानं पुसणार होते? तिथेही कुणाचे तरी बाबा असतील. मी ती एक ओळ लिहिली आणि सगळ्या गल्ल्या पुन्हा काढल्या. आमच्या गल्लीचे तीन पूर्णांक शून्य नऊ आले. मी तीनदा काढले, तिन्ही वेळा तेच आले. प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि मग तिथेच रडले.

मॅडमनी सुधारलेल्या तक्त्यावर सही केली. त्या दिवशी मी ऑफिसमधून थेट टेकडीवर गेले.

बाबा ओट्यावर बसून बेकरीवाल्याच्या पोराला वॉशर कसा ओळखायचा ते दाखवत होते. मी त्याला घरी पिटाळलं आणि बाबांना आत आणलं. आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, नाहीतर सांगता आलं नसतं. आकडा चुकला होता. गल्ली खाली आली. आता सोडत होणार.

बाबांना आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग वाटलं ऑफिसची चूक आहे. "पुन्हा काढा म्हणावं."

"बाबा, आधीचाच चुकला होता. हा बरोबर आहे."

"अगं, मी एकेकाला विचारलंय! माझ्या तोंडावर पाच म्हणालेत सगळे!"

"तुमच्या तोंडावर म्हणाले," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर जीभ हासडून टाकावीशी वाटली.

ते खाली बसले. त्यांचा चेहरा मला अजून डोळ्यांपुढून हलत नाही. राग नव्हता आधी, लाज होती. घरात सगळ्यांसमोर कुणी थोबाडीत मारल्यावर मोठा माणूस जसा इकडेतिकडे बघेल, तसे ते बघत होते. राग नंतर आला.

"कोण? नाव सांग."

"नावं नसतात हो फाइलमध्ये."

"शिंपी असेल. त्याला मुलाच्या बाजूला जायचंय कधीचं. नाहीतर त्या बाई. गोड बोलून कॉक बदलून घेतला आणि एकही पैसा..." ते उठले, चपला शोधू लागले. "आत्ता जाऊन विचारतो. एकेकाच्या दारात उभा राहून विचारतो. पाणी भरताना बरी लागते गल्ली. आता सांगा म्हणावं, माझं काय खटकलं तुम्हाला!"

"कुठे जाऊ नका," आई म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"अहो, कुणाच्या दारात जाऊन तमाशा करू नका." तिनं सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले. "मी एक सांगितलाय."

बाबांच्या एका पायात चप्पल होती. दुसरी हातात.

"काय?"

"त्या मुलीनं मला विचारलं, शेजारी हेच हवेत का. मी म्हटलं, मुळीच नको. एक लिही."

"का गं?" हे मी विचारलं. 

आई माझ्याशी बोललीच नाही, बाबांशी बोलली. "लग्न झाल्यापासून तुम्ही एकदा तरी गरम जेवलेलं मला आठवत नाही. घास तोंडाशी नेला की कुणीतरी दार वाजवतं. ऑपरेशन करून आणलं त्या रात्रीसुद्धा शिंपीकाका विचारायला आले, मोटरचं पाणी का चढत नाही. आणि तुम्ही उठून बसलात! मी म्हटलं, नव्या जागी कुणी ओळखणारं नसेल. दार बंद करू. जे काही दिवस राहिलेत ते तरी माझ्या वाट्याला येतील." तिचा आवाज तिथे फाटला. "मला गल्लीचं वाकडं नव्हतं हो चिंतायचं. मला तुम्ही हवे होतात."

मग बाबांनी हातातली चप्पल भिंतीशी नीट ठेवली आणि मला विचारलं, अगदी हिशेबाचं विचारावं तसं, "मी पाच सांगितले. हिनं एक. मग आपल्या घराची सरासरी किती येते?"

"बाबा, घराची नसते काढायची."

"काढ ना. तुझं कामच आहे ते."

"तीन," मी म्हटलं.

"तीन म्हणजे काय लिहिलं होतं त्यात?"

मला सांगवेना. पण ते वाट बघत होते. "कसंही चालेल."

"कसंही चालेल," बाबा म्हणाले. त्यांनी मान हलवली. "असं तर आपल्या घरात कुणीच म्हणालं नव्हतं."

आईनं तोंडावर पदर दाबून धरला होता. बाबा एका पायातल्या चपलेसकट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. आयुष्यात प्रत्येक निर्णय तिला न विचारता घेणारा तो माणूस, कुणा अनोळखी माणसाच्या घरात शिरताना विचारावं तसा बाहेरच थांबला.

"मग तुला कुठे राहायचंय?" त्यांनी विचारलं.

"आता काय विचारता," आई म्हणाली. "आता चिठ्ठी निघायची."