बॅगा बसमध्येच राहू द्या

आमची टीम हरणार याची मला इतकी खात्री असते, की मार्चच्या त्या बुधवारी रात्रीचं जेवण मी पेगीला घरीच करून ठेवायला सांगतो. पेगी माझी बायको. मी चोवीस वर्षं लिंडन रिज कॉलेजची बस चालवतोय आणि या चोवीस वर्षांत तिचं जेवण एकदाही वाया गेलेलं नव्हतं.

आमच्या लीगमध्ये दहा कॉलेजं आहेत. सगळा हिवाळा ती एकमेकांशी बास्केटबॉल खेळतात आणि मार्चमध्ये दहाही टीम बेल फोर्क नावाच्या गावात चार दिवसांसाठी जमतात. हिवाळ्यात तुम्ही काय दिवे लावलेत ते तिथे कुणी विचारत नाही. जो ते चार दिवस जिंकेल तो देशाच्या मोठ्या स्पर्धेत जाणार. आम्ही बहुतेक दहावे असतो. मंगळवारी पोचतो, बुधवारी सकाळी खोल्या सोडतो, बॅगा बसच्या पोटात टाकतो, दुपारी हरतो आणि संध्याकाळी घरी. खोल्या एका रात्रीच्याच घेतलेल्या असतात. हरणाऱ्या टीमने दुसऱ्या रात्रीची खोली घेऊन ठेवणं म्हणजे उगाच शहाणपणा.

त्या वर्षी बातमी अशी होती, की रविवारी सकाळी दहाही प्राचार्य मतदान करणार आणि बहुतेक ही स्पर्धाच बंद होणार. ठराव लीगचा कमिशनर रॉइस टिलटसन याचा. त्याचं म्हणणं, हिवाळाभर जो पहिला आला त्यालाच थेट मोठ्या स्पर्धेत पाठवा. नाहीतर होतं काय, की एखादी रडतखडत आलेली टीम एका दुपारी नशिबाने जिंकते, मोठ्या स्पर्धेत चाळीस गुणांनी मार खाते आणि टीव्हीवर सगळ्या लीगची शोभा होते. खोटं कशाला बोलू, आकडे त्याच्याच बाजूने होते. टिलटसन मला आवडत नाही, पण आवडत नाही म्हणून माणूस चुकीचा ठरत नाही.

माझ्या बाजूने फक्त ज्युलियन मॅकस्वेन होता. हा आमचा कॅप्टन, शेवटच्या वर्षाचा, चण लहान आणि खांदे आईने उसने आणल्यासारखे. चार वर्षांत त्याने बहुतेक पराभवच पाहिले. पण दर मार्चमध्ये त्या बुधवारी सकाळी बॅग माझ्या हातात देताना तो विचारायचा, "मिस्टर डेल, आज काहीही होऊ शकतं ना?" आणि मी म्हणायचो, होऊ शकतं. स्पर्धा बंद झाली तर आमच्यासारख्यांचा खेळ जानेवारीतच संपला असता. पुढे दोन महिने नुसतं पळायचं आणि त्या पोराने मला काही विचारायचंच नाही.

आमच्या प्राचार्या डॉ. लेनोर हॅस्क्यू माझ्या मागच्याच सीटवर बसल्या होत्या. मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यांनी वाटेतच सांगून टाकलं, की त्यांचं मत बंद करण्याच्या बाजूने पडणार. एका दुपारसाठी अख्खी बस नेणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचा खड्डा चुकवला नाही.

बुधवारी आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

आधी कुणालाच कळेना की आता काय करायचं. कोच रेनार्ड पूल रिसेप्शनवर जाऊन खोल्यांसाठी गयावया करू लागला. पोरांनी बॅगा परत बाहेर काढल्या. मी पेगीला फोन केला तर ती म्हणाली, "थट्टा पुरे, कुठवर आलास ते सांग." गुरुवारी सकाळी कोचने विचारलं, आजची रात्र धरून खोल्या ठेवूया का. मी म्हटलं, अजिबात नाही. काल खोल्या सोडल्या, बॅगा बसमध्ये टाकल्या आणि जिंकलो. चालत्या गाडीचं इंजिन मी उघडत नसतो. गुरुवारीही जिंकलो. मग ते व्रतच झालं. शुक्रवारी सकाळी सात वाजता पोरं आपणहून बॅगा घेऊन रांगेत उभी होती आणि रिसेप्शनवरची बाई आम्हाला पाहून डोळे मिटून घेत होती. प्राचार्याबाई एका दिवसाचेच कपडे घेऊन आलेल्या, मतदानाला रविवारी परत यायचं ठरवून. जिंकणाऱ्या टीमला सोडून निघून गेलो तर लोक काय म्हणतील, म्हणून थांबल्या होत्या. त्यांनी स्टेडियमच्या दुकानातून आमच्या बँडच्या पोरांचा असतो तसला जांभळा शर्ट घेतला, पाठीवर मोठं गरुडाचं चित्र असलेला. शुक्रवारी त्या शर्टातच त्या उभ्या राहून पंचाला काहीतरी बोलल्या. ते मी इथे लिहिणार नाही.

शुक्रवारीही जिंकलो. शनिवारी दुपारी फायनल, समोर वेस्ट टॅलमन. हिवाळाभरात अठ्ठावीस मॅच जिंकलेली टीम.

शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलात कॉफीच्या टेबलापाशी टिलटसन भेटला. चेहरा असा खुललेला, की मला शंका आली. आमचं अभिनंदन करून तो म्हणाला, "डेल, तुमची पोरं माझंच काम करताहेत. उद्या वेस्ट टॅलमन हरली तर अठ्ठावीस जिंकलेली टीम घरी बसणार आणि एकवीस हरलेली मोठ्या स्पर्धेत जाणार. मग रविवारी मला भाषण करायचीसुद्धा गरज नाही."

मी कॉफी तशीच टेबलावर ठेवून वर निघून गेलो. म्हणजे आम्ही जिंकलो तर स्पर्धा मेली आणि हरलो तर वाचली. तीन दिवस मी नाचत होतो ते आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत. मी अंथरुणात पडून बराच विचार केला आणि विचार करणं हे माझं काम नाही हे विसरलो.

शनिवारी सकाळी पोरं बॅगा घेऊन खाली आली तेव्हा मी त्यांना सांगितलं, की आज बॅगा खोलीतच ठेवा, मी रात्रीच्या खोल्या घेतल्यात. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. कोचही पाहत राहिला. ज्युलियन म्हणाला, "मिस्टर डेल, नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. आज काहीही होऊ शकतं ना, हे विचारायचं तो त्या दिवशी विसरला. नाहीतर मुद्दामच विचारलं नाही.

मध्यंतरापर्यंत आम्ही सतरा गुणांनी मागे होतो. चेंडू रिंगवरून असा बाहेर पडत होता, की मला तिथे पाहवेना. आम्ही हरावं हा माझा बेत जमत होता. पोरं खाली माना घालून ड्रेसिंग रूमकडे निघाली. ज्युलियनने वर पाहिलं, गर्दीत मला शोधलं आणि खांदे उडवून हसला. जणू माझीच समजूत घालत होता, की वाईट वाटून घेऊ नका. त्या हसण्याने मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मतदान रविवारी होतं. त्या पोराची मॅच आज होती.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि माझा उजवा गुडघा त्याहून म्हातारा. तरी मी धावलो. हॉटेल रस्त्याच्या पलीकडेच. वरच्या मजल्यावर ग्रिसेल्डा खोल्या साफ करत होती. चार दिवस आमच्यामुळे रोज दुप्पट काम पडलेलं, त्यामुळे ती आमच्यावर वैतागलेली. मी धापा टाकत तिला सांगितलं, की बावीस बॅगा लगेच बसमध्ये गेल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही हरणार. दुसऱ्या कुठल्याही गावात तिने पोलीस बोलावले असते. पण ग्रिसेल्डा चौदा वर्षं बेल फोर्कमध्ये होती. तिने चादरींची ढकलगाडी रिकामी केली आणि म्हणाली, "आधी सांगायचं नाही का. कुठल्या खोलीपासून?"

बस हॉटेलच्या मागे उभी होती. मी रेडिओ लावला. पहिल्या आठ बॅगा आत गेल्या तेव्हा फरक अकरा गुणांचा होता. चौदाव्या बॅगेला सहा. कुणाची तरी बॅग उघडली आणि मोजे अंगणभर पसरले, तेवढ्यात वेस्ट टॅलमनने तीन गुण मारले. ग्रिसेल्डा मोज्यांवर ओरडली. एकविसावी बॅग ढकलली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि घड्याळात एक मिनिट उरलं होतं. राहिली फक्त कोचची. आम्ही दोघं धावत वर गेलो, ग्रिसेल्डाने खोली उघडली, आणि आत बॅगच नव्हती. पलंगाखाली नाही, न्हाणीघरात नाही. मी खाली आलो तो हातात काहीच नाही, गुडघा बंड करून उठलेला, आणि रेडिओवर मॅच सांगणारं पोरगं एवढ्या जोरात किंचाळत होतं की कोण जिंकलं तेच कळेना. मग ग्रिसेल्डाने मला मिठी मारली, तेव्हा कळलं. शेवटची बास्केट ज्युलियनची. चोवीस वर्षांतली आमची एकमेव फायनल, आणि तिचा दुसरा अर्धा भाग मी डिकीत डोकं घालून ऐकला.

मी स्टेडियममध्ये पोचलो तेव्हा पोरं शिडीवर चढून जाळी कापत होती. जिंकणाऱ्याने जाळीचा एकेक धागा कापून न्यायचा, अशी रीत आहे. कोच बाकापाशी उभा होता आणि बाकाखाली त्याची बॅग होती. मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगून टाकलं, टिलटसनचं, खोल्यांचं, बॅगांचं. वाटलं आता हा मला बसखाली घालणार.

"सकाळीच ओळखलं मी, तुझं डोकं फिरलंय," तो म्हणाला. "म्हणून माझी बॅग मी बरोबर आणली. एका बॅगेने अर्धी मॅच तरी निघेल म्हटलं."

"आणि उद्याचं मतदान?"

"उद्याचं उद्या बघू. चढ शिडीवर. तुझा धागा ठेवलाय पोरांनी."

गुडघ्यामुळे मी दुसऱ्या पायरीपर्यंतच चढलो. ज्युलियनने वरून धागा कापून दिला. मी रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रविवारी प्राचार्याबाई बसमध्ये चढल्या त्या पुन्हा त्याच जांभळ्या शर्टात. मी विचारायला धजत नव्हतो. त्यांनीच सांगितलं. सहा विरुद्ध चार, स्पर्धा चालू राहणार.

"टिलटसन भाषणाला उभासुद्धा राहिला नाही," त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं, दहावे जिंकले म्हणजे काम झालं. पण डेल, त्या खोलीत पहिला आलेला एकच होता हो. बाकी सगळे आमच्याकडे बघत होते. हे जिंकतात, तर पुढच्या वर्षी आपण का नाही?"

"आणि तुम्ही?"

"आकडे त्याचेच बरोबर होते," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. "मी पंचाला इतकं घालून पाडून बोलले, डेल. त्यानंतर कुठल्या तोंडाने बंद करा म्हणू?"

मोठ्या स्पर्धेत आमची टीम विमानाने गेली, त्यामुळे मी नव्हतो. हॉटेलात खोल्या चार रात्रींच्या घेतल्या होत्या. त्रेचाळीस गुणांनी हरले. मला त्यात नवल वाटलं नाही.

वेस्ट टॅलमनच्या बसचा ड्रायव्हर नॉर्बर्ट माझा जुना दोस्त. त्याने फोनवर खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी त्याला बॅगांचं खरं ते सांगितलं. चूक केली. पुढच्या मार्चमध्ये बुधवारी सकाळी खाली उतरलो, तर लॉबीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दहाच्या दहा टीम खोल्या सोडून, बॅगा घेऊन रांगेत. रिसेप्शनवरच्या बाईने रजा टाकलेली. ग्रिसेल्डा जिन्यावर उभी राहून हसत होती.

ज्युलियन आता दूर कुठेतरी शाळेत शिकवतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाचा एक लांबलचक पोरगा आलाय, ऑगस्ट बेंडर नावाचा. बॅग माझ्या हातात देताना त्याने आजूबाजूच्या त्या सगळ्या बॅगांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, की मिस्टर डेल, आज काहीही होऊ शकतं, हो ना?

"होऊ शकतं," मी म्हटलं. "टाक आत."

दुपारी आम्ही बावीस गुणांनी हरलो. बॅगा बसमध्येच होत्या, त्यामुळे लगेच निघालो, आणि घरी पोचलो तेव्हा पेगीचं जेवण अजून गरम होतं.