केशोरावांचा दात कोणी बसवला

देवरीच्या डॉ. खुमेंद्र रहांगडालेला एक दात हवा होता. स्वतःचे सगळे शाबूत होते. हवा होता तो दुसऱ्याच्या तोंडात, आपल्या हाताने बसवलेला आणि चारचौघांत दिसेल असा.

२०१२ साल होतं. खुमेंद्रचा दवाखाना हायवेला लागून होता आणि त्याची सगळी अडचण त्या हायवेचीच होती. ज्याला दातावर खर्च करायचा, तो माणूस दवाखान्यासमोरूनच बस पकडून रायपूरला जायचा. खुमेंद्रकडे यायचा तो गाल सुजलेला माणूस, आणि त्याला फक्त दात काढून हवा असायचा. दहा-बारा वर्षांत खुमेंद्रने इतके दात काढले की तालुक्यात तो 'काढणारा डॉक्टर' म्हणून ओळखला जाऊ लागला. बसवणारा डॉक्टर वेगळा असतो आणि तो रायपूरला राहतो, अशी लोकांची पक्की समजूत होती.

अशात गोंदियाच्या डॉ. भुवनेश्वर बिसेनने इम्प्लांटचा कोर्स काढला. भुवनेश्वर दंतवैद्यांच्या संघटनेचा नवा सचिव होता आणि नव्या सचिवांना होतो तो उत्साहाचा आजार त्यालाही झाला होता. त्याच्याआधी आमच्या जिल्ह्यातलं दंतवैद्यांचं निरंतर शिक्षण म्हणजे टूथपेस्टच्या कंपनीने हॉटेलात ठेवलेलं भाषण असे. अंधारात पडद्यावर हिरड्या दिसत, श्रोते डोळे मिटून ज्ञान घेत आणि दिवे लागले की पनीर असे. भुवनेश्वरने ही परंपरा मोडली. पुण्याहून डॉ. पाळंदे यांना बोलावलं. महिन्यातून एक रविवार, असे चार रविवार.

पहिल्या रविवारी डॉ. पाळंद्यांनी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू कसा बसतो, हाड त्याला कसं धरतं आणि मग त्यावर दात कसा चढवतात ते सांगितलं. दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या जबड्यात स्क्रू बसवले. तिसऱ्या रविवारी खाटकाकडून बोकडांचे जबडे आले आणि त्यांत बसवले. खुमेंद्रच्या बोकडाची काही तक्रार आली नाही. चौथ्या रविवारी प्रत्येकाने आपापला पेशंट आणायचा, स्क्रू आपल्या हाताने बसवायचा आणि सर बाजूला उभे राहणार. पेशंट नाही तर प्रमाणपत्र नाही.

खुमेंद्रने आठवडाभर पेशंट शोधला. लोक ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत.

"तुमी याच्या आधी किती बसवले, डॉक्टर साहब?"

"बोकड धरून का?" असं खुमेंद्र एकदा खरं बोलून गेला. तो पेशंट दुसऱ्या दिवशी रायपूरच्या बसमध्ये दिसला.

तेव्हा त्याला मामा आठवले.

आमच्या पोवार समाजात भाचा म्हणजे पूज्य माणूस. मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा मामाच्या नाही. भाचा पाळण्यात असो की पिऊन नालीत पडलेला असो, मामा वाकणारच. आणि भाच्याने काही मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. खुमेंद्रचे मामा केशोराव पटले नवेगाव बांधला राहायचे. धानाची शेती होती, पण खरा धंदा लग्नं जुळवायचा. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या तोंडून जुळली होती. वर्षभरापूर्वी अशाच एका बैठकीत सुपारी फोडताना त्यांचा वरचा, सुळ्याच्या मागचा दात गेला होता. मामा जबडा उघडून हसत, आणि हसले की ती खिडकी दिसे. खुमेंद्रच्या दृष्टीने यापेक्षा चांगली जागा नव्हती. दाढ बसवून काय उपयोग, ती कोणी बघायला येत नाही.

त्याने फोन लावला.

"मामाजी, तुमच्या तोंडात एक दात बसवाचा आहे."

"बसवा ना."

"हाडात भोक पाडा लागते."

"पाडा. तुमी म्हणता तं पाडा."

"खर्रा बंद करा लागते."

मामांच्या गालात तंबाखू-सुपारीचा हा तोबरा दिवसभर असे. त्यांनी तो दुसऱ्या गालात घेतला. मग म्हणाले, "आता भाचाच म्हणून राहिला तं..." आणि त्यांनी खरोखरच बंद केला. भोक कोण पाडणार हे मामांनी विचारलं नाही आणि खुमेंद्रने सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी भुवनेश्वरच्या दवाखान्यात खुर्चीच्या वर कॅमेरा लावला होता आणि शेजारच्या खोलीत बाकीचे डॉक्टर टीव्हीसमोर बसले होते. खुमेंद्र हात घासून, टोपी, मास्क, निर्जंतुक झगा आणि हातमोजे चढवून, पोलिसांनी पकडल्यासारखा दोन्ही हात वर धरून उभा होता. मामा पांढरा शर्ट घालून आत आले. मागे मामी, देवकाबाई, हातात डबा घेऊन.

मामांनी भाचा पाहिला आणि वाकले. खुमेंद्रनेही जन्मभराच्या सवयीने त्यांना खांद्याला धरून उचललं.

"ग्लव्ह्ज बदला," डॉ. पाळंदे म्हणाले.

खुमेंद्रने मोजे बदलले. तेवढ्यात मामांना आठवलं की पाया पडल्यावर भाच्याच्या हातात काही ठेवायचं राहिलं. भाच्याचे दोन्ही हात वर होते, म्हणून त्यांनी खिशातली शंभराची नोट समोरच्या ट्रेमध्ये, उकळून ठेवलेल्या ड्रिलच्या मधोमध ठेवली आणि नमस्कार केला.

ट्रे नोटेसकट परत उकळायला गेला. सगळ्यांनी चहा घेतला.

"हे नेमकं काय चाललंय?" डॉ. पाळंद्यांनी भुवनेश्वरला बाजूला घेऊन विचारलं.

"सर, तो त्यांचा भाचा आहे."

"बरं. मग?"

"मग काही नाही सर. भाचा आहे."

ट्रे आला. मामा खुर्चीवर आडवे झाले, छातीवर हिरवं कापड आलं. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"पुण्याचे डॉक्टर कोन्ते?"

"हे काय, तुमच्या बाजूले."

"मंग तुमी कायले सजले?"

"मामाजी, मी बसवून राहिलो ना. सर बघतात."

मामांनी तोंड मिटलं. मग, बोलण्यापुरतं उघडलं.

"भाच्याचा हात माह्या उष्ट्या तोंडात? इतके वर्स खर्रा खाल्लेलं तोंड होय हे. ज्याच्या पायाले हात लावतो त्याच्या हातानं थुका काढू? मेल्यावर वर जाऊन काय सांगू मी?"

"मामाजी, मी डॉक्टर आहो."

"असान. पहिले भाचे हाव."

खुमेंद्रने समजावलं. भुवनेश्वरने समजावलं. मामांचा कोणावर राग नव्हता. पुण्याच्या साहेबांनी खुशाल भोक पाडावं, दोन पाडावीत, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. भुवनेश्वरने मग पेशंटची अदलाबदल सुचवली आणि बाहेर बसलेल्या मंडळींची चौकशी केली. तेव्हा कळलं की जिल्ह्यातल्या हुशार दंतवैद्यांना एकच गोष्ट एकाच वेळी सुचली होती. बाहेर बाकड्यावर ओळीने मामा बसले होते. नात्याने कोण कोणाचा काय लागतो याचा शोध घेता घेता असं निघालं की ज्यांची अदलाबदल करावी, तेही लांबून मामाच लागतात. शिवाय आत काय चाललंय हे कळल्यावर बाहेरच्या मामांनीही तोंडं मिटली.

"मी करून देतो," डॉ. पाळंदे हळूच म्हणाले. "पेशंटला ताटकळत नको ठेवायला. पण मग तुमच्या प्रमाणपत्रासाठी हा पेशंट धरता येणार नाही, डॉक्टर."

खुमेंद्रचे हात अजून वरच होते. तीन आठवडे त्याने मनातल्या मनात तो स्क्रू मामांच्या हाडात कितीदा तरी फिरवला होता. आता तो बोकडांवर थांबलेला डॉक्टर म्हणून देवरीला परत जाणार होता.

कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसलेल्या देवकाबाई तेव्हा बोलल्या.

"टोपी हाय, झगा हाय, तोंडाले बैलासारखं मुसकं बांधून हाय. याची माय आली तं तिलेबी ओळखू नाही यायचा. तुमाले कुठून भाचा दिसून राहिला?"

"आवाज तं भाच्याचाच हाय ना."

"मंग भाचा नाही बोलत. पुण्याचे साहेब बोलतीन. तुमी डोरे मिटा."

मामांनी विचार केला. "अन् देवाले?"

"देव काही दाताचा डॉक्टर नोहे. त्याले काय समजते कोन काय करून राहिला."

मामांना हे पटलं असं म्हणता येत नाही. पण खर्रा सोडून तीन आठवडे झाले होते आणि ते फुकट जाणार होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

डॉ. पाळंदे अनेक देशांत शिकवून आले होते, पण असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. ते खुर्चीच्या डोक्याशी, हात मागे बांधून उभे राहिले.

"मी आता इंजेक्शन देतोय, काका," ते म्हणाले.

खुमेंद्रने दिलं.

"आता मी हिरडी बाजूला करतोय. हळू करतोय. मी आणखी हळू करतोय." मग जरा आवाज चढवून, "आता मी ड्रिल घेतला. मी सरळ धरलाय. नाही, मी सरळ धरलेला नाही. मी डावीकडे झुकतोय. आता मी नीट धरला."

शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी खुर्च्या टीव्हीजवळ ओढल्या. चार रविवारांत पहिल्यांदाच कोणी झोपलं नव्हतं.

"मी पाणी सोडतोय. पाणी न सोडता ड्रिल चालवला तर हाड जळतं, आणि तसं केलं तर मी गाढव आहे."

खुमेंद्रने घाईने पाण्याच्या नळीकडे पाहिलं. पाणी चालू होतं.

"मी गाढव नाही," डॉ. पाळंद्यांनी कबूल केलं.

बोकडाचं हाड वेगळं असतं. प्लॅस्टिकचं तर नसतंच. खुमेंद्रने स्क्रू फिरवायला घेतला तेव्हा पहिले वेढे सहज गेले, म्हणजे हाड धरत नव्हतं. मग पुढच्या वेढ्याला हाडाने धरलं. मोजे घातलेल्या बोटांना ते आधी कळलं, डोक्याला नंतर. त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच भूमिका विसरले.

"छान," ते म्हणाले. मग सावरून, "छान बसवला मी."

टाके पडल्यावर मामा उठून बसले, डोळे उघडले आणि अर्ध्या बधिर तोंडाने डॉ. पाळंद्यांना हात जोडले. मग भाच्यासमोर जाऊन वाकले.

"तुमी काही हात नाही ना लावला?"

"नाही, मामाजी."

"बस मंग."

त्यांनी ट्रेमधली तीच मघाची नोट, आता उकळून मऊ झालेली, त्याच्या हातात ठेवली. बाहेरच्या मामांनी हा निकाल ऐकला आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. डॉ. पाळंद्यांचा आवाज संध्याकाळी बसला.

चार महिन्यांनी हाड पक्कं झालं आणि वरचा दात चढवायची वेळ आली. ते देवरीलाच करायचं होतं आणि सर पुण्यात होते. खुमेंद्रने फोन करून संकोचाने अडचण सांगितली. सर म्हणाले, स्पीकर चालू करा. मामांच्या छातीवर मोबाइल ठेवला गेला, मामांनी डोळे मिटले आणि पुण्याच्या कुठल्यातरी सिग्नलवर अडकलेले डॉ. पाळंदे गाड्यांच्या हॉर्नमधून म्हणाले, "हं काका, मी आता दात बसवतोय." बसला. खुमेंद्र मनाशी म्हणाला, आता लग्नसराईत बघू.

लग्नसराईत मामांनी दात खरोखरच तालुकाभर फिरवला. प्रत्येक मांडवात ते जबडा उघडून बोटाने दाखवत. लोक वाकून बघत. अस्सल आणि बसवलेला यातला फरक कोणाला ओळखता येईना.

"पुण्याच्या डॉक्टरनं बसवला," मामा सांगत. "भाच्यानं? छ्या. भाच्यानं बोटबी नाही लावलं. इचारा त्याले."

लोक विचारायला देवरीला येऊ लागले. "पुण्याचे डॉक्टर कधी येते जी?" खुमेंद्रच्या मागे भिंतीवर प्रमाणपत्र होतं. त्याखाली फोटो होता, त्यात टोपी आणि मास्कमधला कोणीतरी केशोराव पटल्यांच्या तोंडात वाकलेला होता. खुमेंद्रने नुसतं म्हणायचं होतं की हा मी आहे. पण ते म्हटलं की नवेगाव बांधला बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर थेट पाप चढत होतं. तो म्हणायचा, "त्यांचं काही सांगता येत नाही." लोक रायपूरच्या बसमध्ये बसायचे.

बायको ओमेश्वरी म्हणाली, "मामाजीले एकदा साफ सांगून टाका ना."

"त्याइले काय सांगू? त्याइले माहीत नाही का?"

"मंग तेच काऊन नाही बोलत?"

खुमेंद्र पुन्हा दात काढू लागला.

उन्हाळा सरता सरता हायवेवरचा ढाबेवाला सुखराम साहू दवाखान्यात आला. खालचा एक दात नव्हता. खुर्चीवर न बसता तो उभ्यानेच म्हणाला, "दात लगवायचा आहे."

"पुण्याचे डॉक्टर नाही येत आता," खुमेंद्रने सवयीने सांगितलं.

"ते नकोच. परवा बारातीत तुमचे मामाजी भेटले होते. दात दाखवला. मी बोललो, मलेबी पुण्यावाल्याचा पत्ता द्या. तर मले कोपऱ्यात घेऊन गेले, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, पुण्याचा डॉक्टर चांगला आहे, पण हात भाच्याचा हलका आहे. तू त्याच्याकडे जा, तू काही त्याचा मामा नोहे."

खुमेंद्रने भिंतीवरच्या फोटोकडे वळून पाहिलं.

"आता ज्यानं बोट नाही लावलं त्याचा हात हलका, हे त्याइले कसं मालूम, ते मी नाही विचारलं," सुखराम म्हणाला. "बुजुर्ग आदमी. विचाराव का?"

"नको," खुमेंद्र म्हणाला आणि हात धुवायला उठला. "बसा."